दर दुसऱ्या वर्षी परतणारा स्वीट क्लोव्हर: प्रेअरीच्या जुन्या तुकड्यावरचं हे तण का जात नाही आणि कसं घालवायचं

अडचण अशी. जून संपत आला की राखलेल्या प्रेअरीवर, म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या गवताळ माळावर, स्वीट क्लोव्हर या तणाचं, पांढऱ्या नि पिवळ्या तुऱ्यांचं छातीइतकं उंच रान माजतं. माणसं जमवायची, चार-पाच शनिवार घाम गाळून ते उपटायचं. पुढच्या वर्षी तिथं फारसं काही दिसत नाही, सगळ्यांना हायसं वाटतं. आणि त्याच्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच, बहुतेक वेळा आधीपेक्षा दाट. मधल्या वसंतात तुकडा जाळला असेल तर विचारूच नका.

इलिनॉयमध्ये रेल्वेच्या रुळांलगत, मक्याच्या शेताला चिकटून असलेल्या तीन एकरांवर मी नऊ वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करतो आहे. त्यातली पहिली पाच वर्षं आम्ही हेच चक्र फिरवत बसलो. मेहनतीत कसूर नव्हती. वेळ चुकत होती. ती कशी चुकत होती आणि आम्ही काय बदललं, ते इथे सविस्तर लिहितो, कारण अशा तुकड्यांवर काम करणारी बरीच मंडळी नेमकी याच ठिकाणी अडकलेली मी पाहतो.

तीन एकरांसाठी एवढा आटापिटा कशाला, हे आधी सांगायला हवं. युरोपीय वसाहतीच्या आधी इलिनॉयमध्ये सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १९७०च्या दशकात राज्यभर पाहणी झाली तेव्हा उत्तम अवस्थेतली प्रेअरी अडीच हजार एकरसुद्धा भरली नाही. १८३७ मध्ये जॉन डीअरनं इथल्याच ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर केला आणि चिकट काळी माती फाळाला न चिकटता उलटू लागली. त्यानंतरच्या काही दशकांत जवळपास सगळं मक्याखाली गेलं. उरलं ते जिथं नांगर पोहोचला नाही तिथं: जुन्या दफनभूमींचे कोपरे, खडकाळ उतार आणि रेल्वेच्या हद्दीतल्या पट्ट्या. कुंपण आधी पडलं आणि नांगर कुंपणाबाहेरच थांबला, एवढंच या जमिनीचं नशीब.

आमच्या तुकड्यावरचं बिग ब्लूस्टेम हे गवत ऑगस्टमध्ये माझ्या डोक्यावर जातं. ते आपल्या ज्वारीच्या आणि उसाच्या कुळातलं आहे. पहिल्यांदा पेरं हातात धरलं तेव्हा ओळखीचं वाटलं ते उगाच नव्हे. त्याच्या शेजारी कंपास प्लांट उभं असतं. त्याची पानं कडेवर उभी राहून उत्तर-दक्षिण रोखलेली असतात आणि मुळं चौदा-पंधरा फूट खाली जातात. असं झाड फुलायलाच कित्येक वर्षं घेतं. मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममधली (वृक्षोद्यानातली) कर्टिस प्रेअरी १९३५च्या सुमारास मोडीत निघालेल्या शेतजमिनीवर उभारायला घेतली. निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड त्या कामात होते आणि आज ती जगातली सगळ्यात जुनी पुनर्स्थापित प्रेअरी मानली जाते. इतक्या दशकांच्या मेहनतीनंतरही न नांगरलेल्या तुकड्याची सर तिला येत नाही, असं तिथं काम करणारेच सांगतात. म्हणून असलेलं टिकवणं हे नवं उभारण्याच्या आधीचं काम.

आधी ओळख पक्की करा

ही पायरी कुणी गाळू नये. मी गाळली होती.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पांढऱ्या तुऱ्यांची, तीन-तीन पानांची सात झाडं मी एका सकाळी फावड्यानं खणून काढली. मूळ जाड, काळसर आणि सुटता सुटेना. स्वीट क्लोव्हरचं मूळ असं भांडत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिथं वीस वर्षं काम केलेल्या एक आजी जवळ आल्या, ढिगाकडे बघून गप्प उभ्या राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, की ही व्हाइट वाइल्ड इंडिगो आहे, या तुकड्याची मूळची रहिवासी. त्यातली दोन झाडं बहुधा माझ्या वयाची असतील. आम्ही ती पुन्हा लावली. एकही जगलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाच्या हातात मी दोन्ही पानं देतो. स्वीट क्लोव्हरचं पान मेथीसारखं: तीन पर्णिका, कडांना बारीक दाते, आणि मधल्या पर्णिकेला स्वतःचा छोटा देठ. चुरगळलं की वाळत घातलेल्या गवताचा गोडसर वास येतो. फुलं ज्वारीच्या दाण्याएवढी, बारीक तुऱ्यात. इंडिगोची पर्णिका मात्र गुळगुळीत कडेची, निळसर झाक असलेली. खोडावर बोट फिरवलं तर पांढुरकी साय पुसली जाते. फुलं वाटाण्याच्या फुलाएवढी मोठी. शंका आली तर झाड तसंच ठेवा, शेजारी काठी रोवा आणि दुसऱ्या कुणाला दाखवा. एक तण आठवडाभर जास्त राहिलं तर बिघडत नाही.

आणखी एक. त्याच दिवसांत पिवळ्या छत्र्यांचं वाइल्ड पार्सनिपही फुलतं. त्याचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घातल्याशिवाय आत शिरू नका.

मूळ कारण: झाड दोन वर्षांचं, आपण एका वर्षाच्या हिशोबानं चालतो

स्वीट क्लोव्हर युरोप-आशियातून चारा, मध आणि जमिनीचा कस यांसाठी मुद्दाम आणला गेला. मुळांवरच्या गाठींतून तो जमिनीत नायट्रोजन भरतो. शेतकऱ्याला हे वरदान. प्रेअरीच्या झाडांना कमी नायट्रोजनची सवय असते, त्यामुळे इथं मात्र त्याच्यामागून दुसरी तणं चालत येतात.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये बी उगवतं. त्या वर्षी फूल नाही. गुडघ्याच्या आत-बाहेरचं एक हिरवं रोप असतं, आणि उंच गवतात ते कुणाच्याही लक्षात येत नाही. ऑगस्ट उलटला की सगळा जीव मुळात उतरतो. मूळ गाजरासारखं फुगतं आणि जमिनीखाली साधारण इंचभर अंतरावर, मुळाच्या माथ्याशी, पुढच्या वर्षीचे डोळे तयार होतात. दुसऱ्या वर्षी एप्रिलअखेर ते सगळे डोळे एकदम फुटतात. जूनपासून फुलं, मग शेंगा, आणि झाड आपोआप मरतं.

म्हणजे ज्या वर्षी "या वर्षी काही नाही" असं आपण म्हणतो, त्या वर्षी पुढची फौज गवताखाली मूळ धरत असते.

दुसरं कारण मातीत आहे. एका मोठ्या झाडाला लाखावर बिया धरू शकतात, आणि टणक सालीची ती बी वीस-तीस वर्षं जमिनीत जिवंत पडून राहते. आग वरून गेली की त्या उष्णतेनं साल तडकते, पाणी आत शिरतं आणि निजलेली बी एकगठ्ठा उगवते. प्रेअरीला आग हवीच. तिच्याशिवाय झुडपं आणि झाडं गवताचा घास घेतात. पण मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जाळून स्वस्थ बसलं तर आपण क्लोव्हरची पेरणीच करून ठेवतो. त्या वेळी दुसऱ्या वर्षाचे कोंब पुरते वर आलेलेही नसतात, त्यामुळे ते वाचतात ते वेगळंच.

आमच्या हातून नेमकं काय चुकत होतं

सगळ्यात मोठी चूक, उंचावरून कापणं. ट्रिमर (गवत कापायचं हातातलं यंत्र) घेऊन माणूस वाकत नाही, वीतभर उंचीवर कापत जातो. खाली दोन पानं राहिली तरी त्यांच्या बेचक्यांतून नवे फुटवे येतात. ते आडवे, गवताच्या आत पसरतात आणि ऑगस्टमध्ये गुपचूप फुलतात. तोवर आपण काम आटोपून घरी.

दुसरी चूक, एकच फेरी. पिवळा क्लोव्हर आधी फुलतो, पांढरा दोन-तीन आठवड्यांनी. जूनच्या मध्यावर एकदा फिरून आलं की पिवळा जातो आणि पांढरा मोकळा सुटतो.

तिसरी, उपटलेले ढीग तिथंच टाकणं. शेंगा धरू लागल्या असतील तर उपटल्यावरही त्यात बी पिकतं. तिसऱ्या वर्षी आमचा सगळ्यात दाट पट्टा कुठे होता? आदल्या मोसमात जिथं ढीग घातले होते, बरोबर तिथं.

(ढिगाचं करायचं काय, हा प्रश्न लगेच येतो. गुरांना घालावं असं गावाकडच्या माणसाला सुचतंच, मलाही सुचलं होतं. बुरशी चढलेला स्वीट क्लोव्हर गुरांना घालू नका. १९२०च्या दशकात कॅनडा आणि उत्तर डकोटात असा चारा खाऊन गुरं अंतर्गत रक्तस्रावानं मेली. त्याच्या शोधातून जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या मॅडिसनच्या प्रयोगशाळेत आधी डायकूमेरॉल आणि पुढे वॉर्फरिन हाती आलं. घरात कुणी रक्त पातळ करण्याची ती गोळी घेत असेल तर तिचं कूळ हे आहे. आम्ही ढीग पोत्यांत भरून बाहेर नेतो.)

उपाय: आधी कुठलं वर्ष चालू आहे ते ओळखा

आमचं काम खऱ्या अर्थानं बदललं ते दोन रंगांच्या झेंड्यांनी. बागकामाच्या दुकानात मिळतात तसे तारेचे छोटे झेंडे. सम वर्षी फुलणाऱ्या जागेला निळा, विषम वर्षी फुलणाऱ्या जागेला केशरी. तुकड्याचा हातानं नकाशा काढला आणि प्रत्येक झेंडा त्यावर मांडला. पहिल्याच मोसमात उलगडा झाला: रुळांकडची बाजू जवळजवळ सगळी निळी, शेताकडची केशरी, आणि मधल्या ओलसर घळीत दोन्ही. म्हणूनच घळीत "दरवर्षी" येतो असं वाटत होतं. तिथं दोन पिढ्या आळीपाळीनं फुलत होत्या.

झेंडे लावायला उत्तम काळ ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. गवत तांबूस-सोनेरी झालेलं असतं, फुलझाडं वाळलेली असतात, आणि पहिल्या वर्षाचा क्लोव्हर कडक गोठण पडेपर्यंत हिरवागार राहतो. पन्नास पावलांवरून दिसतो. जूनमध्ये दिवसभर शोधून जेवढा सापडत नाही तेवढा तेव्हा तासाभरात सापडतो. थोडाच असेल तर तेव्हाच काढा. या दिवसांत मूळ भरलेलं असतं, त्यामुळे हातानं ओढलं तर वरचा भाग तुटून येतो आणि डोळे खालीच राहतात. म्हणून अरुंद पात्याचं फावडं उभं रोवून माथ्याच्या खाली, दीड-दोन इंचांवर मूळ कापायचं, वरचा भाग काढून घ्यायचा आणि माती टाचेनं दाबून बंद करायची. उघडी माती ठेवली की तिथं पुन्हा बी उगवायला जागा मिळते.

फुलणाऱ्या वर्षी फेऱ्या चार: जूनचा पहिला आठवडा, जूनअखेर, जुलैचा मध्य आणि ऑगस्टमधली एक चुकार शोधायची. पाऊस पडून गेल्यावरची सकाळ निवडा. या वर्षात मूळ रिकामं होत आलेलं असतं, खोड बुंध्याशी दोन्ही हातांनी धरून सावकाश ओढलं तर ओल्या मातीतून सबंध मूळ सुर्रकन येतं. झटका दिला की तुटतं. माती कोरडी असेल तर ओढायचा नाद सोडा आणि लॉपरनं, म्हणजे लांब दांड्यांच्या कात्रीनं, जमिनीलगत, सगळ्यात खालच्या पानाच्याही खाली कापा. माथ्यावरचे सगळे डोळे वसंतातच फुटून गेलेले असतात, राखीव काही उरलेलं नसतं, त्यामुळे फुलं आल्यावर असा तळाशी कापलेला क्लोव्हर सहसा पुन्हा उठत नाही. हाच कोंब एप्रिलमध्ये किंवा पहिल्या वर्षी कापला असता तर उठला असता. सगळा फरक त्या काही आठवड्यांचा आहे.

दोन आगींची पद्धत, आणि ती कुठे वापरू नये

क्लोव्हर पसरलेली जागा मोठी असेल तर हात पुरत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये तावूनसुलाखून घेतलेली पद्धत अशी: पहिल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला जाळायचं, म्हणजे निजलेलं बी मोठ्या संख्येनं उगवेल. दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, कोंब वीतभर झाले की पुन्हा जाळायचं. डोळे फुटून गेलेले, फुलं अजून दूर, त्यामुळे ती पिढी जवळपास संपते. नंतर दोन वर्षं आग नको, आणि मग लागलं तर तीच जोडी पुन्हा.

नव्यानं पेरलेल्या प्रेअरीवर मी हे बेलाशक करीन. जुन्या तुकड्यावर मात्र हात आखडता घेईन. मेमध्ये शूटिंग स्टार, पुकून, बर्ड्सफूट व्हायोलेट फुलावर असतात. बोबोलिंक आणि मेडोलार्क जमिनीवर घरटी बांधायला लागलेले असतात. मोठी काळजी किड्यांची. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन असलेल्या तीन एकरांवर एखादं फुलपाखरू तग धरून असेल आणि आपण अख्खा तुकडा एकदम जाळला, तर ते परत येणार कुठून? पोवेशीक स्किपरलिंग हे प्रेअरीचं छोटं फुलपाखरू एकेकाळी या पट्ट्यात भरपूर होतं. २०१४ मध्ये ते धोक्यातल्या प्रजातींच्या संघराज्याच्या यादीत गेलं. म्हणून आम्ही कुठल्याही वर्षी एक तृतीयांशाहून जास्त जाळत नाही आणि मेची आग फक्त शेताकडच्या बिघडलेल्या पट्टीला देतो. आग ही परवानगी, प्रशिक्षित माणसं, ओले पट्टे आणि वाऱ्याचा अंदाज यांचं काम आहे. काडेपेटी घेऊन दोघांनी जाण्याचं नव्हे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी वेगळं सांगतो: हे आगीचं वेळापत्रक आपल्या माळरानांवर उचलून नेऊ नका. तिथलं गवत पावसाळ्यावर चालतं, तिथली झाडं, पक्षी आणि वणव्यांचा इतिहास सगळंच निराळं. इथून घेण्यासारखं असेल तर एवढंच, की "पडीक" म्हणून नोंदलेल्या गवताळ जमिनीत काय काय जगतं ते आधी मोजावं, मग तिथं झाडं लावायला खड्डे खणावेत की नाही ते ठरवावं.

सगळं नीट करूनही परत आला तर

बी बाहेरून येतंय का ते तपासा. आमच्या घळीत सहाव्या वर्षीही नवी रोपं उगवत होती. जोराच्या पावसात छत्री घेऊन तिथं उभा राहिलो तेव्हा दिसलं: रस्त्याच्या कडेचं पाणी मोरीच्या नळातून थेट घळीत उतरत होतं, आणि नळाच्या वरच्या तोंडाशी क्लोव्हरचं बेट होतं. वाहत्या पाण्यानं याचं बी छान पसरतं. रस्त्याची कड छाटणारं यंत्र ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन बी पिकताना फिरायचं. विनंती करून ती तारीख जूनअखेर आणली आणि वरचं बेट आम्ही खणून काढलं. आपले बूट, ट्रिमरची पाती, ट्रकची चाकं यांतूनही बी येतं. आत शिरण्याआधी ब्रशनं झाडा.

मग रिकाम्या जागा. क्लोव्हर काढल्यावर उरलेल्या भोकांत काही पेरलं नाही तर तोच परत येतो किंवा ब्रोम गवत शिरतं. बी त्याच तुकड्यावरचं किंवा अगदी जवळच्या तुकड्यावरचं घ्या, आणि उंच गवतांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. सुरुवातीला आम्ही बिग ब्लूस्टेमचं बी सढळ हातानं टाकलं आणि तिथं आता गवताची भिंत उभी आहे, फुलझाडाला शिरकाव नाही. त्या भिंतीत वुड बेटनी पेरून पाहतो आहोत. ती गवताच्या मुळांतून रस ओढते आणि त्याचा जोर कमी करते. बी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जमीन गोठण्याच्या सुमारास फेकलं की उगवण्यासाठी लागणारा थंडी-ओलीचा संस्कार निसर्गच करतो.

झुडपांचा प्रश्न वेगळा आहे, पण चूक त्याच जातीची. ग्रे डॉगवूड आणि सुमॅक हिवाळ्यात नुसते कापले तर एका खोडाचे पाच होतात. कापल्या कापल्या खुंटाच्या कडेला परवाना असलेल्या माणसाकडून तणनाशक लावून घ्यायचं. औषध नको असेल तर सुमॅक जुलैमध्ये, मुळांतला साठा आटलेला असताना कापायचा आणि त्याच मोसमात पुन्हा एकदा. सुमॅक इथलाच आहे, पुरता संपवायचा नाही, काठावर ढकलायचा.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही शेवटची मोजणी केली. झेंड्यांच्या पहिल्या वर्षी दोनशे झेंडे पुरले नव्हते, आता निळे एकोणीस आणि केशरी अकरा आहेत. घळीतले दोन्ही रंग अजून तसेच. या जूनच्या पहिल्या शनिवारी पाऊस झाला तर सकाळी सातला तिथूनच सुरुवात करणार आहोत. मी जिथली इंडिगो खणली होती, तिथं आजींनी त्याच तुकड्यावरचं बी पेरलं होतं. त्यातून आलेली तीन रोपं आता कोपराएवढी झाली आहेत. त्यांच्याभोवती आम्ही पांढऱ्या काठ्या रोवल्या आहेत.